श्रद्धा, न्याय आणि शांती: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चचं न्याय आणि शांतीचं काम करणाऱ्या आम्हा कॅथलिकांना इंदूर, महू आणि देवासकडच्या मराठी घरांतून सतत प्रश्न येतात. विचारणाऱ्यांत काही कॅथलिक कुटुंबं आहेत, वसई-मुंबईकडून किंवा नगर भागातून नोकरीच्या निमित्तानं येऊन इथलीच झालेली. पण जास्त प्रश्न येतात ते हिंदू शेजाऱ्यांकडून, मिशनच्या शाळेत मुलं घालणाऱ्या आईवडिलांकडून आणि कॉलेजातल्या तरुणांकडून. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा त्यांचीच ठेवली आहे, टोचणारी असली तरी.

१. चर्चमध्ये "न्याय आणि शांती" असं सारखं कानावर येतं. म्हणजे नेमकं काय?

माणसाला माणूस म्हणून जे मिळायला हवं ते त्याला मिळावं, यासाठी श्रद्धेतून केलेलं काम. त्यात पोटापुरती मजुरी आली, जमिनीचा हक्क आला, पाणी, शिक्षण, मान आणि जिवाची सुरक्षितता आली. याचं मूळ बायबलमध्येच आहे. गरिबाला जोड्याच्या मोलानं विकणाऱ्यांवर आमोस संदेष्टा तुटून पडतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाची कसोटी सांगितली आहे: भुकेल्याला जेवू घातलंस का, परक्याला घरात घेतलंस का, तुरुंगात असलेल्याला भेटलास का? प्रार्थना किती केलीस, हा प्रश्न तिथे येत नाही.

१९७१ साली रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सभेनं तर स्पष्टच म्हटलं की न्यायासाठी झटणं हा सुवार्ता सांगण्याचाच अविभाज्य भाग आहे. शांतीचाही संबंध इथेच येतो. १९६८ पासून १ जानेवारी हा दिवस ख्रिस्तसभा (म्हणजे सगळ्या कॅथलिकांचं मिळून चर्च) जागतिक शांतीदिन म्हणून पाळते. १९७२ च्या शांतीदिनाच्या संदेशात पोप सहावे पॉल यांचं सांगणं होतं की शांती हवी असेल तर न्यायासाठी काम करा.

२. दानधर्म तर आमच्याकडेही आहे. यात वेगळं काय?

अहिल्याबाईंच्या इंदुरात राहणाऱ्या माणसाला अन्नछत्र, धर्मशाळा, घाट, विहिरी यांचं मोल वेगळं सांगायला नको. कॅथलिक परंपरेतही भुकेल्याला अन्न, नग्नाला वस्त्र, आजाऱ्याची सेवा अशी सात शारीरिक दयाकृत्यं सांगितली आहेत आणि ती कधी जुनी होत नाहीत.

न्यायाचं काम त्याच्या पुढचा प्रश्न विचारतं. हा माणूस दरवर्षी याच महिन्यात उपाशी का असतो? समजा एका आदिवासी कुटुंबानं बियाण्यासाठी सावकाराकडून पैसे घेतले आणि पीक आल्यावर व्याजातच सगळं गेलं. त्या घराला धान्याचं पोतं देणं ही दया झाली. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देणं, कागद वाचता येतील इतकं शिकवणं आणि बचतगट उभा करणं हा न्याय. पहिल्या कामाला सगळे हात जोडतात. दुसऱ्या कामात कुणाचं तरी उत्पन्न बुडतं, म्हणून त्यात शत्रू तयार होतात. आपल्या भागात याची किंमत एका सिस्टरनं प्राणानं मोजली (प्रश्न ४ पाहा).

३. ही शिकवण कुठे लिहिलेली आहे, की फादर आपापल्या मनानं सांगतात?

लिहिलेली आहे, आणि सव्वाशे वर्षांहून जास्त काळ सलग लिहिली जाते आहे. सुरुवात धरतात ती १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी काढलेल्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकापासून. युरोपातल्या गिरण्यांत तेव्हा लहान मुलंसुद्धा राबत होती. या पत्रानं खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य केला, पण त्याचबरोबर ठणकावून सांगितलं की मजुरी कामगाराचं पोट भरेल इतकी हवी, गरजेपोटी त्यानं कमी पैशांना होकार दिला तरी तो करार न्याय्य ठरत नाही, आणि कामगारांना संघटना बांधण्याचा हक्क आहे. पुढे १९६३ मध्ये तेविसाव्या जॉन यांनी शांतीवर, १९६७ मध्ये सहाव्या पॉलनी विकासावर, १९८१ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलनी श्रमावर, २०१५ मध्ये फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या रक्षणावर लिहिलं. सगळ्याचं सार असलेला ग्रंथ २००४ मध्ये निघाला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतलं आणि त्यामागे १८९१ च्या त्या पत्राची आठवण असल्याचं सांगितलं.

ही सगळी रोमची कागदपत्रं वाटत असतील तर इंदूरची हुकुमचंद कापड मिल आठवा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली आणि कामगारांची देणी तीस वर्षं अडकली. मालवा मिल, परदेशीपुरा भागातल्या कितीतरी घरांनी, त्यात मराठी घरंही आली, हे भोगलं आहे. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये दिले गेले. तोवर अनेक कामगार हयातही नव्हते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात म्हटलं आहे की शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती हाक देवाच्या कानी गेली आहे. मिलच्या फाटकाबाहेर वर्षानुवर्षं सभा घेणाऱ्या कामगारांना ही ओळ समजावून सांगावी लागली नसती.

४. राणी मारिया कोण होत्या? इंदुरात त्यांचं नाव इतकं का घेतात?

सिस्टर राणी मारिया वट्टालिल यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळातल्या पुल्लुवळी गावात, शेतकरी घरात झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात त्या धर्मभगिनी झाल्या, उत्तर भारतात पाठवण्याची विनंती त्यांनी स्वतः केली, आणि १९९२ मध्ये त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. हा आदिवासी पट्टा. जमीन थोडी, पाऊस बेभरवशाचा आणि सावकाराची वही कधी न संपणारी.

त्यांनी लोकांना बँकेची दारं दाखवली, सरकारी योजनांचे अर्ज भरायला शिकवलं, बायकांचे गट केले, शेतीच्या नव्या पद्धती गावात आणल्या. ज्यांचं व्याज बुडालं त्यांनी धमक्या दिल्या. त्या हटल्या नाहीत.

२५ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी त्या उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. नाचनबोरच्या डोंगराजवळ एकानं बस थांबवली आणि भरलेल्या बसमधल्या लोकांच्या डोळ्यांदेखत त्यांच्यावर सुऱ्याचे वार केले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. वय अवघं एकेचाळीस. गावातल्या धनदांडग्यांनी आपल्याला भरीस घातलं, असं मारेकऱ्यानं पुढे स्वतःच सांगितलं.

पोप फ्रान्सिस यांनी त्यांचं हौतात्म्य मान्य केलं आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच, सेंट पॉल शाळेच्या मैदानावर, त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. त्यांची समाधी उदयनगरला आहे आणि २५ फेब्रुवारीला त्यांचा सण पाळतात. व्याजाच्या वहीविरुद्ध उभं राहणं हे श्रद्धेसाठी मरण्याइतकंच आहे, असं ख्रिस्तसभेनं त्या दिवशी आपल्या गावात जगाला सांगितलं. आमच्या सगळ्या कामाचा आधार तोच आहे.

५. त्यांच्या घरच्यांनी मारेकऱ्याला माफ केलं म्हणे. मग न्यायाचं काय झालं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो योग्यच आहे.

आधी घटनाक्रम. मारेकऱ्याला अटक झाली, खटला चालला, जन्मठेप झाली. कायद्याचं काम कुणी थांबवलं नाही. तुरुंगात असताना एक धर्मगुरू त्याला भेटत राहिले. सूडानं पेटलेला तो माणूस हळूहळू बदलला. २००२ मध्ये राणी मारिया यांच्या सख्ख्या बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्याच्या मनगटाला राखी बांधली. कुटुंबानं आणि ख्रिस्तसभेनं सुटकेसाठी अर्ज केला, आणि २००६ मध्ये, अकरा वर्षं शिक्षा भोगून, तो सुटला. नंतर तो केरळात त्यांच्या घरी गेला. आईनं त्याला मुलासारखं जवळ घेतलं.

माफी म्हणजे गुन्हा झालाच नाही असं म्हणणं नव्हे. जे घडलं ते पूर्ण नाव घेऊन मान्य करायचं आणि तरीही समोरच्याला त्याच्या त्या एका कृत्याएवढाच समजायचं नाही, ही माफी. ती देण्याचा अधिकार ज्याला जखम झाली त्यालाच असतो. एखाद्या बाईला घरात मारहाण होत असेल तर "ख्रिस्ती आहेस ना, माफ कर" असं तिला सांगणं हे पाप आहे. आधी ती सुरक्षित झाली पाहिजे, पोलिसांत तक्रार झाली पाहिजे. माफीचा विचार ती तिच्या वेळेनं करील, किंवा करणार नाही. हेच मालक-मजूर आणि सावकार-कर्जदार यांनाही लागू आहे.

मारेकरी सुटला म्हणून उदयनगरचं काम थांबलं नाही, हेही ध्यानात घ्या.

६. खरं सांगा, हे सगळं धर्मांतरासाठीच असतं ना?

नाही, आणि तसं करणं ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या नियमांविरुद्ध आहे. कुणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला लावण्याचा अधिकार कुणाला नाही, असं धर्मविधीसंहितेचं (ख्रिस्तसभेच्या कायद्याचं) ७४८ वं कलम सांगतं. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ मध्ये लिहिलं की प्रेमाची सेवा ही धर्मप्रसाराचं साधन म्हणून वापरायची नसते. धान्याच्या पोत्याच्या बदल्यात घेतलेला स्नानसंस्कार (ख्रिस्ती होण्याचा विधी) हा आमच्या दृष्टीनं देवाचाही अपमान आणि माणसाचाही.

कायद्याची बाजूही आहे. मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा १९६८ पासून आहे आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. बळजबरी, फसवणूक आणि आमिष हे त्यात गुन्हे आहेत. कुणी असं करत असेल तर तक्रार जरूर करावी. पण शाळा चालवणं, दवाखाना चालवणं किंवा बचतगट करणं यालाच आमिष म्हणायचं ठरवलं, तर गरिबासाठी काही करणारी कुठलीच संस्था सुटणार नाही, मग ती कुठल्याही धर्माची असो. शेजाऱ्याला शंका आली तर त्यानं येऊन काम बघावं, असं आम्ही नेहमी म्हणतो.

७. मी हिंदू आहे. मला यात काही करता येईल का? सुरुवात कुठून करू?

येईल. धर्म विचारला जात नाही. मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) या किंवा येऊ नका.

सुरुवातीला पैसे देऊ नका, वेळ द्या. वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेणं, म्हाताऱ्या माणसांचे पेन्शनचे अर्ज भरणं, आधार कार्डातलं चुकलेलं नाव दुरुस्त करायला कुणासोबत तरी रांगेत उभं राहणं, अशा कामांना माणसं कमी पडतात. कॅथलिकांमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्यानं मित्रांसह ती सुरू केली. गरिबाला बोलावून घ्यायचं नाही, आपण त्याच्या घरी जाऊन बसायचं, ही तिची रीत. ती उचलण्यासारखी आहे.

आणि सगळ्यात आधी स्वतःच्या घरात बघा. घरकामाच्या ताईंना आठवड्याची सुट्टी मिळते का? आजारी पडल्या तर पैसे कापले जातात का? चहाचा कप वेगळा ठेवला आहे का? पैसे दिलेतच तर पावती मागून घ्या, चर्चकडूनही.

८. फादर-सिस्टरांनी धर्म बघावा. राजकारणात कशाला पडतात?

पक्षाच्या राजकारणात त्यांना पडताच येत नाही. धर्मविधीसंहितेच्या २८५ आणि २८७ या कलमांनुसार धर्मगुरूंना सत्तेचं पद घ्यायला मनाई आहे आणि पक्षकार्यात सक्रिय भाग घ्यायलाही. निवडणुका लढवणं, पक्षात काम करणं हा संसारी ख्रिस्ती माणसांचा प्रांत आहे आणि त्यांनी तो मनापासून करावा, असं ख्रिस्तसभा सांगते.

मजुरी, जमीन, पाणी, विस्थापन यांवर बोलणं मात्र वेगळं. नर्मदेचं पाणी इंदूरला मिळावं म्हणून १९७० मध्ये हे शहर रस्त्यावर उतरलं होतं. त्याला कुणी अधर्म म्हटलं नाही. कोणत्या पक्षाला मत द्या हे वेदीवरून सांगणं चूक आहे. मत देताना गरिबाचा विचार करा हे सांगणं चूक नाही.

९. मराठीत असं काम कुणी केलं आहे का? सगळी नावं केरळ नाहीतर युरोपची असतात.

आहेत की. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नाव मराठी वाचकाला माहीत असतं ते जानेवारी २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. पण वसईत ते आधी ओळखले गेले हरित वसईच्या लढ्यामुळे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून बागायती जमिनी आणि गोड्या पाण्याच्या विहिरी बिल्डरांच्या घशात जाऊ नयेत म्हणून आणि गुंडगिरीविरुद्ध त्यांनी हिंदू-ख्रिस्ती गावकऱ्यांना एकत्र केलं. दहशतीच्या त्या दिवसांत धर्मगुरूच्या झग्यात मोर्च्यापुढे चालणं सोपं नव्हतं. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

दुसरं नाव फादर हर्मन बाखर. जन्मानं स्विस, पण आयुष्य गेलं अहमदनगर जिल्ह्यात, जो आता आपल्या अहिल्याबाईंच्या नावानं ओळखला जातो. दुष्काळी गावांत त्यांनी पाणलोट विकासाचं काम उभं केलं, बांधबंदिस्ती, श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी या मार्गानं. त्यातूनच १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था निघाली. चराईबंदीचा पहिला फटका मेंढपाळाला आणि भूमिहीनाला बसतो. त्यामुळे पाणी अडवलं की काम संपत नाही. अडवलेलं पाणी कुणाच्या विहिरीत उतरलं, हेही बघावं लागतं.

१०. इंदूर तर देशात सगळ्यात स्वच्छ. इथे पर्यावरणाचं काय काम उरलं?

२०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सलग पहिलं येत गेलं, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण घंटागाडी येण्याच्या आधी हा कचरा कोण वेचत होतं? पाठीवर पोतं घेतलेल्या बाया. व्यवस्था सुधारली तेव्हा त्यांची रोजी गेली का, त्यांना हातमोजे, ओळखपत्र, आरोग्यविमा मिळाला का, हा न्यायाचा प्रश्न आहे. एसव्हीडी या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंच्या जनविकास सोसायटीनं इंदुरात कचरावेचक महिलांमध्ये काम केलं ते यासाठीच. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकच आहे, हे पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं म्हणणं इथे तंतोतंत लागू पडतं.

११. आमचा मुलगा महूला सैन्यात आहे आणि आम्ही कॅथलिक आहोत. शांतीची शिकवण आणि बंदूक, मेळ कसा घालायचा?

मुलाबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. देशाच्या रक्षणासाठी प्रामाणिकपणे सेवा करणारा सैनिक शांतीलाच हातभार लावतो, असं कॅथलिक धर्मशिक्षण (ख्रिस्तसभेचा अधिकृत शिकवणग्रंथ) सांगतं. शस्त्र हाती घ्यायला ज्याचा विवेक तयार नाही त्याचाही ते मान राखतं.

युद्धाच्या बाबतीत अटी कडक आहेत. आक्रमणानं होणारी हानी खरोखर गंभीर असावी, बाकी सगळे उपाय थकलेले असावेत, यशाची शक्यता असावी आणि शस्त्रांनी होणारं नुकसान टाळायच्या संकटापेक्षा मोठं नसावं. सरसकट शहरं उद्ध्वस्त करणं हा कुठल्याही परिस्थितीत देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध गुन्हा आहे. २०२० मध्ये फ्रान्सिस यांनी आणखी पुढे जाऊन लिहिलं की आजच्या शस्त्रांच्या काळात कुठलंही युद्ध 'न्याय्य' ठरवणं फार अवघड झालं आहे. अण्वस्त्रं बाळगणंसुद्धा अनैतिक आहे, हे त्यांनी २०१९ मध्ये हिरोशिमात सांगितलं होतं. आपल्या देशाकडेही ती आहेत. हा प्रश्न भारतीय कॅथलिकाला टाळता येत नाही.

१२. फाशीबद्दल भूमिका काय? बलात्काऱ्यालासुद्धा नको?

नको. २०१८ पर्यंत धर्मशिक्षणात अगदी विरळा प्रसंगी फाशीला जागा होती, ती त्या वर्षी काढून टाकली. गुन्हेगारापासून समाजाचं रक्षण तुरुंगानं होऊ शकतं आणि माणसाची प्रतिष्ठा घोर गुन्ह्यानंतरही पूर्ण संपत नाही, हे कारण. शिक्षाच नको असं कुणी म्हणत नाही (प्रश्न ५ पाहा).

१३. समतेच्या गोष्टी करता, पण ख्रिस्ती लोकांत जात नाही का?

आहे. लग्न जुळवताना दिसते, काही प्रांतांत दफनभूमीतही दिसली आहे, मोठ्या पदांवर कोण बसतं यातही दिसते. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं आणि ख्रिस्तसभेत अस्पृश्यता पाळली जाते हे उघड मान्य केलं. कागदावर आलं हे चांगलं झालं. मनातून आणि व्यवहारातून जाणं बाकी आहे, आणि त्यासाठी बाहेरच्यांनी आम्हाला टोकलं तर आम्ही रागावता कामा नये.

१४. मग दलित ख्रिस्ती माणसाला आरक्षण मिळतं का? आणि आदिवासी ख्रिस्ती माणसाला?

दोघांचं उत्तर वेगळं आहे आणि इथेच गोंधळ होतो. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर आहेत. याचा विचार करायला केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. भिल्ल किंवा भिलाला माणूस ख्रिस्ती झाला तरी त्याचा दर्जा टिकतो. तो काढून घ्यावा अशी मागणी अधूनमधून होते, कायदा मात्र आज असा आहे.

१५. कॉन्व्हेंट शाळांची फी बघितली आहे का? यात गरिबांची बाजू कुठे आली?

बोचरा प्रश्न आहे आणि खरा आहे. गावाकडच्या मिशनच्या शाळा आणि वसतिगृहं आदिवासी मुलांवरच चालतात. त्यांचा खर्च अनेकदा शहरातल्या शाळा उचलतात. पण एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षणहक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांच्या अटीतून सूट मिळाली. कायद्यानं सूट दिली म्हणून विवेकानं सूट दिली असं होत नाही. शाळेच्या दाराशी उभा राहणारा चौकीदार आपलं पोर त्याच वर्गात बसवू शकत नसेल, तर त्या शाळेनं भिंतीवरची वचनं पुन्हा वाचावीत. पालकांनी फीसवलतीबद्दल लेखी विचारावं. सवलती असतात, पण कुणी सांगत नाही.

१६. चर्चच्याच एखाद्या संस्थेत कामगाराला कमी पगार मिळत असेल तर? तक्रार केली तर पाप लागेल का?

पाप कमी पगार देण्यात आहे, तक्रार करण्यात नाही. न्यायावर बोलणाऱ्यानं आधी लोकांच्या नजरेत स्वतः न्यायी असायला हवं, असं १९७१ च्या त्याच सभेनं (प्रश्न १ पाहा) म्हटलं होतं आणि ख्रिस्तसभेच्या नोकरांची मजुरी, सामाजिक सुरक्षा यांचा तिथे उल्लेख होता. "सेवा म्हणून कर" असं सांगून शिक्षिकेकडून एका आकड्यावर सही घेणं आणि हातात दुसराच देणं हा गुन्हा आहे, संस्थेच्या नावात कुठल्याही संताचं नाव असलं तरी.

आधी संस्थेच्या प्रमुखांना लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर धर्मप्रांताच्या कार्यालयात बिशपांच्या नावानं अर्ज करा. नेमणुकीचं पत्र, बँकेच्या नोंदी, हजेरीचा फोटो असं जे असेल ते जपून ठेवा. याला महिन्याभराहून जास्त वेळ देऊ नका. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांचे कायदे संस्थेचा धर्म बघत नाहीत. भविष्यनिर्वाह निधीची तक्रार त्या निधीच्या कार्यालयाकडे (ईपीएफओ) करायची असते, बाकीची श्रम विभागाकडे, आणि मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं कार्यालय इंदुरातच आहे.